बडोद्यातून जगभरच्या मंडळींनी एकत्र ख्याल कसा गावा?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दांडिया बाजारातल्या आपल्या मंडळात पूर्वी गाणे शिकलेली मुले-मुली आता न्यू जर्सी, टोरांटो, लंडन आणि मेलबर्न इथे स्थायिक झाली आहेत. त्यांना, इथल्या विद्यार्थ्यांना आणि तिकडच्या काही अमराठी मित्रांना मिळून, म्हणजे सुमारे चाळीस जणांना, यमनमधली एक मध्यलयीची बंदिश ऑनलाइन एकत्र गाता येईल का, त्यासाठी कोणती साधने लागतील, आणि शेवटी थेट कार्यक्रम करावा की चित्रफीत, हे आपल्याला हवे आहे. मी बडोद्यात गायन शिकवतो आणि अशा दूरस्थ उपक्रमांच्या ध्वनिमुद्रणाची जुळणीही करतो, म्हणून सविस्तर लिहितो. सगळ्यांनी एकाच क्षणी गाणे शक्य नाही आणि त्याचा हट्ट धरू नये, हे आधीच सांगून टाकतो. आपले संगीत आवर्तनाचे, म्हणजे तालाच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या पूर्ण फेरीचे आहे, एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने ऐकून पुढे न्यावे अशा रीतीने वाढलेले आहे, त्यामुळे उपक्रमाची रचनाही एकामागून एक गाण्याचीच असावी असे माझे मत आहे.

एकाच क्षणी गाणे का शक्य नाही, हे मंडळाच्या सभेत प्रत्येक वेळी कोणीतरी विचारणारच, म्हणून त्याचे कारण आकड्यांनिशी जवळ ठेवावे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे आठ-साडेआठ मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेका गायकाला 25 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. साधारण एवढा उशीर माणूस नकळत सांभाळून घेतो. त्यापुढे मात्र दोघेही एकमेकांची वाट पाहू लागतात आणि लय ओढली जाते. आता बडोदे ते न्यू जर्सी हे अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. काचतंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे केबल सरळ रेषेत टाकलेली असती तरी एका बाजूचाच उशीर 60 मिलिसेकंदांहून अधिक झाला असता. प्रत्यक्षात केबल समुद्रातून वळसे घेत जाते, वाटेत यंत्रे लागतात, संगणकालाही आवाज आत घेऊन बाहेर काढायला वेळ लागतो, आणि आकडा सहज शंभरापलीकडे जातो. मिनिटाला 120 मात्रांच्या तीनतालात एक मात्रा 500 मिलिसेकंदांची असते. तिचा पाचवा हिस्सा सतत हरवत असेल, तर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कोणीच कोणाला भेटणार नाही. इंटरनेटचा वेग वाढवला की हे सुटेल, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जास्त पैसे भरून एका वेळी जास्त माहिती नेता येते, अंतर कमी होत नाही.

जवळच्या गावांची गोष्ट मात्र वेगळी आहे. बडोदे, इंदूर, मुंबई, पुणे या टापूत केबलमुळे होणारा उशीर काही मिलिसेकंदांचाच असतो. तारेचे इंटरनेट, तारेचा हेडफोन आणि बऱ्यापैकी साउंड कार्ड असेल, तर ‘जॅमुलस’ किंवा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगीत-संशोधन केंद्रात तयार झालेले ‘जॅकट्रिप’ यांसारख्या मोफत साधनांनी इथला गायक आणि पुण्याचा तबलजी थेट बसू शकतात. माहितीची वाट कधी कधी उगीच दूरच्या शहरातून जाते, म्हणून आधी मोजून पाहावे. मंडळातले जे लोक या टापूत आहेत त्यांचा एक थेट गाभा बनवावा, आणि परदेशातल्यांसाठी दुसरी रीत ठेवावी. दोन्हींची सरमिसळ करू नये.

या दुसऱ्या रीतीकडे वळण्यापूर्वी एका साधनाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ते आपल्या संगीताला चमत्कारिक रीतीने मानवते आणि तरीही आपल्याकडे फारसे कोणी वापरत नाही. ‘निन्जॅम’ हे त्याचे नाव. संगणकावर गाणी वाजवणारे ‘विनअ‍ॅम्प’ लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांच्या कंपनीने ते 2005 च्या सुमारास आणले. उशीर कमी करण्याची धडपड ते करतच नाही. उलट उशीर ठरवून वाढवते आणि बरोबर एका आवर्तनाएवढा करते. मात्रांची संख्या 16 आणि लय 120 अशी ठरवली, की प्रत्येकाला इतरांचे आधीचे आवर्तन आपल्या चालू आवर्तनाबरोबर ऐकू येते, आणि सम सगळ्यांच्या कानात समेवरच पडते. ज्या संगीतात दर चार मात्रांनी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, बदलतात तिथे यामुळे घोटाळा होऊ शकतो. आपल्याकडे षड्ज हलत नाही, आणि लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून, दर आवर्तनाला तोच असतो. मागच्या आवर्तनातला लेहरा आणि चालू लेहरा यांत कानाला काही फरकच नसल्याने मेलबर्नमधला तबलजी लंडनच्या लेहऱ्यावर निर्धास्त वाजवू शकतो. दोन तबलजींचे सवाल-जवाबही जमतात, फक्त त्यांचा हिशेब समजून घ्यावा लागतो: पहिल्याने पहिल्या आवर्तनात सवाल टाकला, तर दुसऱ्याला तो दुसऱ्या आवर्तनात ऐकू येतो, तो तिसऱ्यात जवाब देतो, आणि पहिल्याला तो चौथ्यात मिळतो. जवाब देणाऱ्याला मध्ये खंड जाणवत नाही. विचारणाऱ्याला मात्र दोन आवर्तने, म्हणजे या लयीत 16 सेकंद, नुसता ठेका धरून बसावे लागते. मुलांना हा खेळ फार आवडतो. ख्यालगायकांना मी याचा आग्रह करणार नाही, कारण लय काटेकोर स्थिर ठेवावी लागते, आणि मिनिटाला 15 मात्रांच्या विलंबित एकतालात एक आवर्तन 48 सेकंदांचे होते. तेवढ्या उशिराने कोणाशी काय बोलणार? तबल्याच्या वर्गासाठी आणि मध्यलयीतल्या वाद्यवादनासाठी मात्र हे जरूर करून पाहावे.

आता मूळ उपक्रम. अशा उपक्रमाचे नाव निघाले की लोकांना पाश्चात्त्य वृंदगायनाची उदाहरणे आठवतात, आणि ती आहेतच तशी. एरिक व्हिटेकर यांच्या आभासी वृंदात 2010 साली 12 देशांतले 185 गायक होते, पुढच्या वर्षी 58 देशांतले 2,052 झाले, आणि 2020 च्या टाळेबंदीत 129 देशांतून 17,572 जणांनी आवाज पाठवले. व्हिटेकर स्वतः संचालन करत असल्याची चित्रफीत प्रत्येकाने पाहायची, घरी आपला भाग गाऊन पाठवायचा, आणि मग ते सारे एकावर एक रचायचे, अशी ती पद्धत. तिथे ती शोभते, कारण अनेक आवाज मिसळून एकच आवाज व्हावा हेच वृंदगायनाचे उद्दिष्ट असते. हजार जणांत दहा जण थोडे उतरले तरी त्या मिश्रणात ते झाकले जाते. ख्यालाचे तसे नाही. चाळीस जणांनी यमनचा आलाप एकदम घेतला, तर प्रत्येकाची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, वेगळ्या क्षणी तीव्र मध्यमावरून पंचमावर पोहोचेल, गमक, म्हणजे सुराचा जोरकस हेलकावा, दुसऱ्याच्या गमकावर आपटेल, आणि ऐकणाऱ्याच्या हाती निव्वळ चिखल येईल. अशा कितीतरी चित्रफिती मी पाहिल्या आहेत. चौकटीत हसरे चेहरे, मागे भरपूर कृत्रिम घुमारा, आणि रागाचा पत्ता नाही.

म्हणून एकत्र गायचा तो फक्त बंदिशीचा मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा, आणि फार तर स्थायी, म्हणजे तिचा पहिला भाग. बाकी सारे एकेकाचे. मध्यलय तीनतालात, 120 च्या लयीत, एक आवर्तन आठ सेकंदांचे होते. चाळीस जणांना एकेक आवर्तन दिले, तर 5 मिनिटे 20 सेकंद होतात. दर चार आवर्तनांनंतर एकदा सर्वांचा मुखडा आणला आणि सुरुवातीला थोडा आलाप ठेवला, तरी सारे आठ मिनिटांच्या आत बसते. पण प्रत्येकाने आपले आवर्तन एकट्याने बसवून पाठवायचे नाही. आधीच्या गायकाचे आवर्तन ऐकून, त्याने रिषभावर सोडले असेल तर तिथूनच उचलून, पुढची बढत, म्हणजे रागाचा विस्तार, करायची. लंडनच्या मुलीने निषादावर थांबून सोडलेली जागा टोरांटोच्या काकूंनी भरून काढली, की त्या दोघांची ओळख खरी होते, आणि उपक्रम नुसता चित्रफितीपुरता उरत नाही. अडचण अशी, की चाळीस जणांची एकच साखळी केली तर एक जण रेंगाळला की पुढचे सगळे अडतात. म्हणून पाच-पाच जणांच्या आठ साखळ्या कराव्यात. प्रत्येक साखळीला रागाचा एक टप्पा नेमून द्यावा: कोणी मंद्र निषादाभोवती, कोणी गंधारापर्यंत, कोणी पंचम ओलांडून, कोणी तार षड्जाकडे, आणि शेवटच्या दोन साखळ्यांकडे बोल-ताना (बंदिशीच्या शब्दांवर घेतलेल्या ताना) आणि साध्या ताना. प्रत्येकीत इथला एक अनुभवी विद्यार्थी ठेवावा, म्हणजे नवख्याला विचारायला माणूस असतो.

पट्टीचा, म्हणजे षड्ज पेटीच्या कोणत्या पट्टीवर धरायचा याचा, प्रश्न आपण विचारलेला नाही, पण सगळे गाडे इथेच अडते. पुरुष काळी एकच्या (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास गाणार, स्त्रिया काळी चार-पाचला. मधली एखादी पट्टी ठरवली, की बायका खर्जात गुदमरतात आणि पुरुष तार सप्तकात ओरडतात. माझा उपाय असा, की पुरुषांच्या साखळ्या काळी एकमध्ये आणि स्त्रियांच्या काळी चारमध्ये ठेवाव्यात. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चारचा षड्ज. त्यामुळे एका साखळीकडून दुसरीकडे जाताना कान दचकत नाही, उलट नवे दालन उघडल्यासारखे वाटते. शिवाय काळी चारला मिळवलेला एकच तबला दोन्हीकडे चालतो, स्त्रियांसाठी षड्जाचा आणि पुरुषांसाठी पंचमाचा. सर्वांच्या मुखड्याला ही युक्ती लागू पडत नाही. तो त्या त्या वेळच्या पट्टीत त्या त्या गटानेच म्हणावा. लहान मुलांचा आवाज बहुधा काळी चारमध्ये खपून जातो.

दोन्ही पट्ट्यांसाठी आधी आधार-मुद्रण तयार करावे: तंबोरा, ठेका आणि हळू आवाजात एका गायकाने म्हटलेला मुखडा. ठेका हाडामांसाच्या तबलजीकडूनच वाजवून घ्यावा, यंत्राच्या ठेक्यावर गाणारा यंत्रासारखाच गातो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत लय किंचित चढली तरी बिघडत नाही, कारण सगळे तेच मुद्रण ऐकून गाणार आहेत. तंबोरा कोणी आपल्या मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून स्वतंत्र लावू नये. काळी एक निवडूनही सूक्ष्म फरक राहतो आणि जुळणीत तो सतत टोचतो. प्रत्येकाने तारेचा हेडफोन लावावा. ब्लूटूथचा हेडफोन दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर आणतो आणि गाणारा समेला मागे पडतो, ही तक्रार इतकी वारंवार येते की सूचनापत्रात ती पहिल्याच ओळीत घालावी. एक कान उघडा ठेवावा, नाहीतर स्वतःचा सूर ऐकू येत नाही. गाण्याआधी आधार-मुद्रणातल्या ठरलेल्या समेवर एक टाळी द्यावी, म्हणजे जुळणी करणाऱ्याला जागा सापडते. मोबाइलवर मुद्रण केले तरी हरकत नाही, पण खोलीत गाद्या-गोधड्या, कपड्यांचे कपाट असे काही असावे. स्नानगृहात सुरेल वाटते म्हणून तिथे गाऊ नये. कोणाचे मुद्रण सुमारे दीड अर्धस्वराने चढे किंवा उतरे आले, तर त्या गायकाला बोल लावण्याआधी फाइलचा नमुना-दर (सॅम्पल रेट) तपासावा: 44,100 चे मुद्रण 48,000 समजून किंवा त्याच्या उलट वाजवले गेले की नेमके असेच होते.

बंदिश लिखित स्वरूपात पाठवणे आवश्यक आहे, आणि इथे बडोद्याची परंपरा आपल्या कामी येते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायक मौलाबक्षांनी 1886 मध्ये इथे गायनशाळा काढली, स्वतःची स्वरलिपी तयार करून पाठ्यपुस्तके छापली. त्याच शाळेचा विस्तार आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विभागात पाहायला मिळतो. मौलाबक्षांचेच नातू इनायत खान 1910 साली भावंडांसह अमेरिकेला गेले आणि तिथे आपले गाणे ऐकवत फिरले, तेव्हा बडोद्याचे गाणे समुद्रापार जाणे काही आजचे नाही. संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद 1916 मध्ये बडोद्यातच भरवली. विखुरलेल्या गायकांना एका जागी आणावे आणि चिजा सर्वांना वाचता येतील अशा लिपीत उतरवाव्यात, हेच त्यांच्या साऱ्या खटाटोपामागचे सूत्र होते. आपल्या सहभागींत काही जण स्वरलेखनाच्या भातखंडे पद्धतीवर वाढलेले असतील, काही पलुस्कर पद्धतीवर, आणि परदेशात वाढलेल्या मुलांना देवनागरी वाचता येईलच असे नाही. भातखंडे पद्धतीची एक प्रत, तिच्याच शेजारी रोमन अक्षरांतली एक, आणि ब्रजभाषेतल्या शब्दांचे सावकाश उच्चार केलेले मुद्रण, एवढे पुरेसे आहे. पाठभेदावर वाद होतील. इथल्या घरात आजोबांनी शिकवलेला अंतरा आणि छापील अंतरा यांत एखादा सूर वेगळा निघतोच. मंडळाने एक पाठ ठरवावा आणि दुसरा श्रवणाच्या बैठकीत जरूर ऐकावा.

या श्रवणाच्या बैठका मला अंतिम चित्रफितीपेक्षाही महत्त्वाच्या वाटतात. आठवड्यातून एकदा, तासभर, त्या आठवड्यातली कच्ची मुद्रणे सगळ्यांनी मिळून ऐकावीत आणि प्रत्येकावर दोघांनी बोलावे. एकाने काय आवडले ते सांगावे, दुसऱ्याने एकच दुरुस्ती सुचवावी. दहा जणांनी दहा दोष काढले, तर पुढच्या आठवड्यात नवखा येत नाही. वेळेचे गणित आधीच सोडवून ठेवावे. शनिवारी संध्याकाळी साडेसातला इथे बसलो, तर लंडनला दुपारचे दोन किंवा तीन, न्यू जर्सी-टोरांटोला सकाळचे नऊ किंवा दहा वाजलेले असतात, आणि मेलबर्नला मध्यरात्र उलटत असते. रविवारी सकाळी सातची बैठक मेलबर्नला दुपारच्या सुमारास आणि अमेरिकेला शनिवारी रात्री पडते, पण लंडन झोपलेले असते. म्हणून दोन बैठका ठेवाव्यात. अमेरिका-कॅनडाच्या मंडळींना दोन्ही जमतात, तेव्हा एकीकडचे म्हणणे दुसरीकडे पोहोचवण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. तिकडची घड्याळे वर्षातून दोनदा पुढे-मागे होतात आणि मेलबर्नची उलट्या ऋतूत होतात, हे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हमखास विसरले जाते. आपल्या सभासदांपैकी कोणी विचारील, की संध्याकाळचा यमन न्यू जर्सीच्या सकाळी कसा गायचा. तो सकाळी गायचाच नाही. मुद्रण ज्याचे त्याने करायचे असल्याने प्रत्येक जण आपापल्या गावच्या दिवेलागणीला गाऊ शकतो, आणि थेट जागतिक कार्यक्रमात न पाळता येणारा समयाचा नियम इथे आपोआप पाळला जातो.

बैठकीसाठी ‘झूम’ पुरते, मात्र त्यातला ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय चालू करावा. नाहीतर गोंगाट कमी करणारी यंत्रणा तंबोऱ्याला पंख्याची घरघर समजून कापून टाकते आणि लांबवलेला षड्ज मध्येच बुडतो.

हक्कांच्या बाबतीत थोडी दक्षता घ्यावी. आपल्या कायद्याप्रमाणे रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो. भातखंडे 1936 मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या क्रमिक पुस्तकांतल्या चिजा मोकळ्या आहेत. बडोदे दरबारचे फैयाज खान 1950 मध्ये वारले, त्यामुळे ‘प्रेमपिया’ या मुद्रेच्या (रचनाकाराने शब्दांत गुंफलेल्या टोपणनावाच्या) त्यांच्या बंदिशीही आज निर्धास्त गाता येतात. हयात रचनाकाराची बंदिश असेल, तर लेखी परवानगी घ्यावी. कोणाच्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेतला तुकडा आधार म्हणून वापरू नये. गाणाऱ्या प्रत्येकाचाही आपल्या गाण्यावर हक्क असतो, म्हणून चित्रफीत कुठे कुठे दाखवली जाईल हे सांगणाऱ्या चार ओळींवर सर्वांची सही घ्यावी, आणि लहान मुलांच्या बाबतीत पालकांची. पारंपरिक बंदिशीवरही यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा कधी कधी कोणाच्या तरी मालकीचा दावा लावते. मूळ मुद्रणे तारखांसह जपून ठेवली असतील, तर हरकत घेता येते.

जुळणीसाठी ‘ऑडॅसिटी’ मोफत आहे आणि पुरेसे आहे, पण ते चालवणाऱ्याला ताल कळायला हवा. फक्त तांत्रिक माणसाकडे दिले, तर तो जाणूनबुजून किंचित मागे ठेवलेली बोलतान ओढून मात्रेवर आणतो आणि गाण्याचा जीव जातो. सगळ्या आवाजांना एकच घुमारा थोडासा द्यावा, म्हणजे ते एका खोलीत बसल्यासारखे वाटतात; सूर दुरुस्त करणारे तंत्र मींडेच्या संगीतात वापरूच नये.

थेट कार्यक्रम की चित्रफीत, या शेवटच्या प्रश्नावर माझे मत असे आहे. मुद्रणे नवरात्रीनंतर मागवावीत, कारण त्या नऊ रात्रींत बडोद्यात गरब्याखेरीज दुसरे काही मायक्रोफोनमध्ये येत नाही, आणि उत्तरायणाच्या, म्हणजे मकरसंक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, आधी संपवावीत, कारण त्या दोन दिवसांत गच्च्यांवरचे भोंगे कोणालाच आवरत नाहीत. तयार झालेली रचना फेब्रुवारीत मंडळाच्या सभागृहात सर्वांना ऐकवावी, परदेशातल्यांना ती झूमवर त्याच वेळी लावून द्यावी, आणि तिच्यानंतर बडोदे-पुणे-इंदूरच्या गाभ्याने अर्धा तास थेट गावे. परदेशातले जे कोणी त्या हिवाळ्यात इकडे येणार असतील, त्यांना आधीच विचारून मंचावर बसवावे. 2009 च्या यूट्यूब सिम्फनी ऑर्केस्ट्रानेही चाचण्या ऑनलाइन घेतल्या आणि वादन शेवटी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एकत्र बसूनच केले. सभागृहाची तारीख ठरली की मला कळवावे, तेवढ्यात मी दोन्ही पट्ट्यांचे आधार-मुद्रण करून देतो.